प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताय? या चुका टाळा

ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) फसून पीसी सुरूच झाला नाही, तर घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) रीसेट केला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. जास्त घात करतो तो पीसी, जो सुरू होतो, गेम चालवतो, दिवसभर काम करतो आणि अधूनमधून हिशेब चुकतो. चुकलेलं उत्तर तसंच फाइलमध्ये सेव्ह होतं. पुढे कधीतरी झिप उघडत नाही, विंडोज अपडेट अडकतं, आणि दोष बिचाऱ्या एसएसडीला दिला जातो. खालच्या बहुतेक चुका अशाच अर्धवट स्थिर मशीनकडे नेतात. उदाहरणाला एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स घेतलाय.

आधी हार्डवेअर बघा

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि मदरबोर्डवर झेड मालिकेचा चिपसेट, दोन्ही लागतात. रायझन बहुतेक सगळे खुले (वेग बदलता येणारे) असतात, पण ए३२० किंवा ए५२० चिपसेटच्या बोर्डवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) बंदच आहे. बायोस आधी अपडेट करा, आणि तेही यूपीएसवर, कारण अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

हे अपडेट टाळू नका. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी चिप जळाल्या, तेव्हा एएमडीने बायोसमधूनच एसओसी व्होल्टेजवर (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे झिजून क्रॅश होऊ लागले. त्यावरचा उपायही मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) रूपाने बायोसमधूनच आला. जुना बायोस ठेवून ओव्हरक्लॉक केलं, तर क्रॅश तुमच्या सेटिंगमुळे झाला की मुळातल्या दोषामुळे, हे कळणारच नाही.

दुसऱ्याचं व्होल्टेज आपल्या चिपला

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्हिडिओत कुणीतरी ४.८ गिगाहर्ट्झ आणि १.४ व्होल्ट दाखवतो, आपण तेच आकडे टाकतो. एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात, आणि त्याचा कूलरही आपल्याकडे नसतो.

गणित बघा. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.६ गिगाहर्ट्झवरून ४.८ केलं आणि त्यासाठी १.२५ व्होल्टचे १.४० केले, तर वेग वाढला जेमतेम ४ टक्के आणि उष्णता जवळपास ३१ टक्के.

यावर नेहमी एक प्रश्न येतो : ‘ऑटोवर तर १.४५ दिसतं, मग मी १.४ ठेवलं तर काय बिघडलं?’ ऑटोमधले १.४५ हलक्या कामात, एकदोन कोअरपुरते, क्षणभर असतात. सगळे कोअर कामाला लागले की प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तुम्ही १.४ कायमचे बांधून ठेवलेत, तर पूर्ण लोडवरही तेवढेच राहतात आणि करंट जास्त असल्याने चिप झिजते. काही महिन्यांनी तोच वेग त्याच व्होल्टेजवर टिकेनासा होऊ शकतो. उलटी चूक म्हणजे मल्टिप्लायर वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडणं. बोर्ड अशा वेळी हात सैल सोडतो आणि गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो.

५६००एक्सला माझं मत विचाराल तर सगळ्या कोअरना एकच वेग बांधून देऊच नका, त्यात हलक्या कामातला बूस्ट जातो. पीबीओ (रायझनची बूस्ट मर्यादा आपोआप वाढवणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं कमी करणारी सेटिंग) वापरा. तिथेही सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० देण्याचा मोह टाळा. सर्वांत चांगले कोअर आधीच कमी व्होल्टेजवर चालत असतात, त्यांना आणखी कपात सहसा झेपत नाही.

दहा मिनिटांत ‘स्टेबल’

वेग मोजणारं सिनेबेंच एकदा पूर्ण झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही. प्रोसेसरवर ताण टाकणारं प्राइम९५ किंवा ओसीसीटी निदान काही तास चालवा. कर्व्ह ऑप्टिमायझरची गंमत वेगळी : लोडवर सगळं ठीक चालतं आणि पीसी रिकामा बसलेला असताना रीस्टार्ट होतो. म्हणून एकेका कोअरवर लोड टाकणारं कोअरसायकलर रात्रभर लावा.

रीस्टार्ट झालाच, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. १८ क्रमांकाच्या नोंदीत एपीआयसी आयडी असतो, त्यावरून चूक कोणत्या कोअरची ते कळतं. सहसा ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ म्हणजे दुसरा. फक्त त्या कोअरची कपात कमी करा, बाकीच्यांना हात लावू नका. वेग जास्त दिसूनही स्कोअर घसरला असेल, तर एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (खरा वेग) बघा. व्होल्टेज अपुरं पडलं की रायझन आतल्या आत वेग खाली आणतो.

रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहिरातीतल्या जास्त वेगावर चालवणारी सेटिंग) त्याच दिवशी चालू करू नका. आधी रॅम मेमटेस्ट८६ वर पास करून घ्या, मग प्रोसेसर. नाहीतर चूक कुणाची हे शोधण्यात आठवडा जातो.

मे महिना विसरू नका

जानेवारीत नागपुरात रात्री सगळं पास होतं. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. थंडीतले ७८ अंश उन्हाळ्यात ९३ होतात, आणि ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात राहणाऱ्यांनी थंडीतल्या चाचणीत ७५ च्या आतच थांबावं. सोबत आलेल्या रेथ स्टेल्थ कूलरवर हे जमणं कठीण, आधी चांगला टॉवर कूलर घ्या. आणि कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात असेल, तर बाहेर काढा. तिथे पंखे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवतात.

पीसी सुरूच होत नसेल तर

थोडा वेळ थांबा, बरेच बोर्ड दोनतीनदा प्रयत्न करून आपोआप मूळ सेटिंगवर येतात. नाहीच आला, तर विजेची वायर काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोस रीसेट करणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. यात सगळी सेटिंग जातात, म्हणून बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये आधीच काढून ठेवा.