अर्जातली लाल चांदणी : ऑनलाइन नोंदणी प्रणाली तयार करताना या चुका टाळा

अर्जातील रकान्यापुढे लाल चांदणी लावून तो बंधनकारक करणे हे प्रोग्रामरच्या दृष्टीने एका ओळीचे काम असते, पण कोणाचा अर्ज पुढे सरकणार आणि कोणाचा अडणार हे अनेकदा त्या ओळीतच ठरून जाते. ज्याचा अर्ज अडला त्याची नोंदच होत नसल्याने अहवालात मात्र सारे काही सुरळीत दिसते.

सर्वाधिक गोंधळ नावाच्या रकान्यांत होतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव हा साचा इतका अंगवळणी पडला आहे की परित्यक्ता किंवा एकल मातेने मधल्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न रचना करणाऱ्याला पडतच नाही. मग सेवा केंद्रातला मुलगा तिथे एक टिंब टाकून पुढे जातो आणि दाखल्यावर ते टिंबच नावाचा भाग म्हणून छापून येते. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लागू झाला असल्याने तीन खणांचा साचा आता नियमालाही पुरत नाही. पूर्ण नाव एकाच मोठ्या रकान्यात घ्यावे, आणि नातेवाइकाचे नाव खरोखर लागणार असेल तरच ते नात्यासह वेगळे विचारावे. रोमन लिपीत 'व' साठी कोणी 'व्ही' लिहितो, कोणी 'डब्ल्यू'; तेवढ्या फरकासाठी अर्ज परस्पर फेटाळू नये, तो कर्मचाऱ्यापुढे तपासणीसाठी ठेवावा.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली, म्हणून पडद्यावर लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय जोडला जातो. पण पडद्यामागे माहिती साठवणाऱ्या तक्त्यात दोनच मूल्ये चालत असतील तर अर्ज शेवटच्या पानावर कोसळतो. प्रत्येक पर्याय निवडून पावती मिळेपर्यंत चाचणी करणे, एवढाच यावर उपाय आहे.

मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर पडद्यावर देवनागरी दिसते, पण स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) मात्र त्याखालची निरर्थक रोमन अक्षरे वाचून दाखवतो. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिला की हा दोष लगेच उघडा पडतो. त्यानंतर माऊस काढून ठेवावा आणि केवळ टॅब कळीने अर्ज भरून पाहावा. नुसत्या चित्राचा कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारी वेडीवाकडी अक्षरे, दृष्टिहीनांना तिथेच थांबवतो. ओळख पटवण्यासाठी डोळे मिचकवायला सांगणारी पद्धतही अशीच. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला व डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींनी आणि एका दृष्टिहीन अर्जदाराने केलेल्या याचिकांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग मानला आहे.

ओटीपीमागे आणखी एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे प्रत्येकाजवळ स्वतःचा फोन असतो. घरातला एकमेव मोबाइल नवऱ्याबरोबर कामावर गेला असेल तर दहा मिनिटांची मुदत उलटते आणि भरलेला अर्ज पुसला जातो. अर्धवट अर्ज जपून ठेवण्याची सोय हवी. कोयत्याने किंवा सिमेंटने रेषा झिजून ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांच्यासाठी बुबुळांची तपासणी किंवा कारण नमूद करून हाताने नोंद करण्याचा मार्ग प्रणालीत असलाच पाहिजे. 'पुन्हा प्रयत्न करा' हा उपाय नव्हे.

प्रणाली चालू झाल्यावर अर्ज कोणत्या पानावर सोडले जातात ते मोजावे. शिवाय मधल्या नावात नुसते टिंब असलेल्या आणि १ जानेवारी किंवा १ जून ही जन्मतारीख असलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. (शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेल्या १ जूनने महाराष्ट्रातील कितीतरी घरांत सगळ्या भावंडांचा वाढदिवस एकाच दिवशी आणून ठेवला आहे.) रकान्यात न बसणाऱ्या माणसांनी कशीबशी वाट काढल्याच्या या खुणा आहेत. त्या ज्या रकान्यांत जास्त सापडतील, तेथील चांदणी पुढच्या आवृत्तीत आधी काढावी.