स्तनाच्या कर्करोगाचा खर्च: आधी काय विचाराल

गाठ लवकर सापडली तरी खर्च एकाच बिलात संपत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आकड्यावर थांबू नका. बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) ईआर, पीआर, हर२ अहवाल हातात घ्या; गाठ हार्मोनवर (ईआर, पीआर) वाढते की हर२ या प्रथिनावर, ते त्यात कळतं. खर्चाची दिशा तोच ठरवतो. हर२ '२+' म्हणजे संदिग्ध आला तर फिश ही जनुकीय चाचणी करावीच लागते, तिथे बचत नको. हर२ पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे हर२वर नेम धरणारं औषध साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. सगळ्यात मोठा खर्च बहुधा हाच. बायोसिमिलरचा, म्हणजे त्याच औषधाच्या दुसऱ्या कंपनीच्या तुल्य आवृत्तीचा, दर आवर्जून विचारा. गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर दिली जाणारी टॅमॉक्सिफेनची गोळी स्वस्त असते, पण किमान ५ वर्षं चालते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी अहवाल घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा, तेही पैसे भरण्यापूर्वी. योजना कॅशलेस आहे; आधी भरलेलं बिल परत मिळेल असं धरू नका. इथेच बरीच कुटुंबं फसतात.

रेडिएशन १५ दिवसांत बसतं का, की २५ लागतील, हे विचारा. बाहेरगावच्या कुटुंबाला तिथे राहणं आणि बुडालेली मजुरी जास्त जड जाते. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात स्लीपर व थ्री-एसीचं तिकीट रुग्णाला पूर्ण माफ असतं. रुग्णालयाचा सवलतीचा दाखला मागून घ्या.