मोबाईलवर पान आडवं सरकतंय? ओव्हरफ्लो हिडन लावायच्या आधी हे बघा

समजा पावसाळ्यासाठी पंचगंगेच्या पाणीपातळीचं साधं पान करायचंय. राजाराम बंधारा, आत्ताची पातळी, इशारा 39 फूट, धोका 43 फूट, असं टेबल आणि खाली बंद रस्ते. कॉम्प्युटरवर झकास दिसतं पण मोबाईलवर उघडलं की अख्खं पान आडवं सरकतंय. मग बरेचजण सीएसएसमध्ये (पान कसं दिसायचं ते ठरवणारी भाषा) बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, ओव्हरफ्लो-एक्स हिडन (आडवं बाहेर जाणारं लपवा) लावून मोकळे होतात. असं करू नका, धोका पातळीचा कॉलमच कापला जाईल आणि बघणाऱ्याला कळणारपण नाही की तिथं काहीतरी होतं.

आधी ब्लॉक, म्हणजे पूर्ण रुंदी घेणारा डबा, कसा वागतो ते बघा की. डिव्ह (नुसता साधा डबा), पॅराग्राफ वगैरे एकाखाली एक बसतात, रुंदी पॅरेंटकडनं (ज्या डब्यात ते आहेत त्याच्याकडनं) घेतात आणि उंची आतल्या मजकुरावरनं ठरते. रुंदी वरनं खाली येते, उंची खालनं वर जाते, लई महत्त्वाचं आहे हे. म्हणून तर हाईट 100 टक्के लिहून काही होत नाही, पॅरेंटची उंचीच ठरलेली नसते मग ब्राउझर ती ऑटो धरतो.

ब्लॉकला विड्थ 100 टक्के द्यायची गरजच नसते. ती दिली आणि वर दोन्ही बाजूंना 16 पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) टाकलं तर डबा 32 पिक्सेल बाहेर जातो. बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स करा, म्हणजे पॅडिंग रुंदीतच धरलं जातं, मिटलं.

बंद रस्त्यांच्या यादीला हाईट 200 पिक्सेल अशी बांधून टाकली आणि रस्ते वाढले तर मजकूर खालच्या ब्लॉकवर चढतो, कारण ओव्हरफ्लो मुळात व्हिजिबल (बाहेर गेलेलं दिसणारा) असतो आणि खालचा ब्लॉक तुमचे 200च मोजतो. मिन-हाईट (कमीत कमी उंची) वापरा.

टेबल मात्र ठराविक रुंदीच्या खाली आवळत नाही, त्याला एका डिव्हमध्ये घाला आणि त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो (मावलं नाही तरच सरकेल) द्या, टेबल तेवढं सरकेल, पान जागेवर राहील. पण एक लक्षात ठेवा, एक्स (आडवा) ऑटो केला की वाय (उभा) व्हिजिबल राहत नाही, तोपण ऑटो होतो, त्यामुळं आतलं स्टिकी हेडिंग (सरकवलं तरी वर चिकटून राहणारं) पानाला न चिकटता त्या डिव्हलाच चिकटतं.

लांबलचक लिंक बाहेर जात असेल तर ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर द्या, ती कुठंही तुटून खालच्या ओळीत जाते. फ्लोट (एका बाजूला सरकवलेला डबा) आवरायला, म्हणजे तो पॅरेंटच्या बाहेर लोंबू नये म्हणून, हिडन लावायची जुनी सवय असेल तर डिस्प्ले फ्लो-रूट लिहा, त्यात काही कापलं जात नाही.

आणि कोण बाहेर जातंय हेच सापडत नसेल तर सगळ्या एलिमेंटना लाल आउटलाइन द्या, बॉर्डर नको, बॉर्डर स्वतः जागा खाते आणि मापं बदलतात.