प्रिंटर कॉम्प्युटरला दाद देत नसेल तर दुकानात न्यायच्या आधी एवढं बघा

प्रिंट दिली आणि प्रिंटर ढिम्म. लाईट चालू, कागद आहे, शाई आहे, पण कॉम्प्युटरवर ऑफलाईन नाहीतर एरर. अशा वेळी बरेचजण लगेच ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकायच्या मागे लागतात, किंवा प्रिंटर गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याला नेतात. आधी थांबा. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत बऱ्याच वेळा प्रिंटर धडधाकट असतो, बिघाड असतो तो प्रिंटर आणि कॉम्प्युटर यांच्या मधे, आणि कारणं पण इथलीच, सारखी जाणारी लाईट आणि खारी दमट हवा.

पहिल्यांदा कॉम्प्युटर विसरा. स्कॅनरवाला प्रिंटर असेल तर काचेवर रेशनकार्ड ठेवा आणि प्रिंटरवरच्याच बटणाने झेरॉक्स काढा. निघाली तर मशीन ठीक आहे, पुढचं वाचा. नाही निघाली तर कागद अडकलाय का, झाकण नीट लागलंय का, कार्ट्रिजचा दिवा लुकलुकतोय का हे बघा, कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी ते सुटणार नाही. (पावसात ट्रेमधे कागदाचा गठ्ठा ठेवून देऊ नका, ओल धरून वाकतो आणि आत अडकतो. लागेल तेवढाच घाला, बाकीचा प्लॅस्टिकमधे बांधून कपाटात.)

केबलने जोडलेला असेल तर प्रिंटरच्या मागचं चौकोनी टोक काढून टॉर्चने आत बघा. वेंगुर्ला, मालवण, हर्णै अशा अगदी समुद्रालगतच्या घरांत तिथे हिरवट नाहीतर पांढरट थर धरलेला दिसतो, कधी मुंग्या पण असतात. प्रिंटरची वायर भिंतीतून काढून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, थर निघत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला थोडंसं लावून, आणि पूर्ण वाळल्यावरच परत जोडा. पाण्याचं फडकं नको. केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, आणि मधे हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) नको, थेट कॉम्प्युटरला लावा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, केबल दुसऱ्या पोर्टमधे लावली की विंडोज कधी कधी त्याच प्रिंटरची दुसरी नोंद करतं, नावापुढे कॉपी १ लागलेली, मग तुम्ही जुन्या नावावर प्रिंट देत राहता आणि ते कायम ऑफलाईनच दाखवतं. दोन्ही नावांवर देऊन बघा, जे चालतं ते डिफॉल्ट, म्हणजे नेहमीचा प्रिंटर, करा. डिफॉल्ट कधी कधी प्रिंट टू पीडीएफ वर पण गेलेलं असतं, आणि विंडोजला स्वतः डिफॉल्ट ठरवू द्यायचं सेटिंग चालू असेल तर ते बंदच करा.

आता क्यू, म्हणजे कॉम्प्युटरमधली प्रिंटची रांग. एसटीच्या दारात एकजण सामान घेऊन अडकला की मागचे सगळे खोळंबतात तसंच इथे होतं, एक बिघडलेली प्रिंट अडकली की पुढची एकही जात नाही. क्यू उघडून सगळं कॅन्सल करा. नुसतं डिलीटिंग दाखवत बसलं तर कॉम्प्युटर रिस्टार्ट करूनही बहुतेकदा जात नाही कारण ती फाईल डिस्कवर पडलेली असते. स्टार्टमधे सर्व्हिसेस शोधा, यादीत प्रिंट स्पूलर (ही रांग सांभाळणारा प्रोग्राम) वर राईट क्लिक करून स्टॉप करा, मग सी ड्राईव्हमधे विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आतल्या फाईली डिलीट करा (फोल्डर नाही, आतलं फक्त) आणि स्पूलर परत स्टार्ट. विंडोज १० असेल तर क्यूच्या खिडकीत युज प्रिंटर ऑफलाईन वर टिक राहिलीय का ते पण बघा.

वायफायवाल्यांचं दुखणं वेगळं आणि इथे जास्त सापडणारं. राऊटर प्रत्येक मशीनला एक आयपी नंबर देतो. लाईट गेली, राऊटर नव्याने सुरू झाला की प्रिंटरला दुसराच नंबर मिळू शकतो आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच नंबरवर हाका मारत राहतो. म्हणून लाईट आल्यावर आधी राऊटर, त्याचे दिवे स्थिर झाले की प्रिंटर, मग कॉम्प्युटर, या क्रमाने चालू करा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर प्रिंटरच्या स्क्रीनवर किंवा नेटवर्क पेज छापून नंबर बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटर राऊटरपर्यंत पोचलेलाच नाही, वायफाय परत जोडा. बरेच घरगुती प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, त्यांना ५ वालं नेटवर्क दिसणारच नाही, आणि कॉम्प्युटर गेस्ट वायफायवर असेल तरी बोलणं होत नाही. नंबर बरोबर वाटला तर तो ब्राऊझरमधे टाका, प्रिंटरचं पान उघडलं तर रस्ता मोकळा आहे. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमधे पोर्ट्स, अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट, आणि तिथे हाच नंबर. आणि हे टिकायला हवं असेल तर राऊटरच्या सेटिंगमधे तो नंबर प्रिंटरसाठी राखून ठेवा, अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात त्याला. लॉगिन राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. हे एवढं एक काम कराच, आंब्याच्या सीझनमधे बिलं छापायच्या घाईत फार उपयोगी पडतं.

इतकं करून नाही झालं तरच ड्रायव्हर. जुना प्रिंटर यादीतून रिमूव्ह करा आणि कंपनीच्या साईटवरून तुमच्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या, भलत्या साईटवरचा नको.

वीज चमकायला लागली की प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा, मग प्लग काढा, युएसबी आणि राऊटरची लॅन केबल पण काढा, कारण वीज त्या वाटेनेही येते. बटणानेच का, तर शाईच्या प्रिंटरचं हेड तेव्हाच जागेवर जाऊन झाकलं जातं, थेट प्लग ओढला तर उघडं राहून सुकतं. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका, कागद तापवताना तो एकदम खूप करंट खेचतो. कडकडाटानंतर झेरॉक्स निघते पण केबलने काहीच होत नाही, दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या कॉम्प्युटरलाही नाही, तर प्रिंटरचा युएसबी पोर्ट गेला असं धरा. वायफाय असेल तर त्यावर चालवा, नसेल तर आता दुकानात न्या आणि काय काय करून बघितलंत ते कागदावर लिहून सोबत द्या, म्हणजे दुरुस्तीवाला पहिल्यापासून सुरुवात करणार नाही.