पित्त वेगळं, पित्ताशय वेगळं : या चुका टाळा

छातीत जळजळलं, डोकं दुखलं, अंगावर गांधी उठल्या, आपल्याकडे सगळं ‘पित्त’च. या एका शब्दापायी माझ्या आईने वर्षभर दुखणं अंगावर काढलं. पुरणपोळीवर तुपाची धार घेऊन जेवली, की रात्री दीड-दोनला उठून उजव्या बरगडीखाली हात दाबत येरझाऱ्या घालायची. कळ पाठीत, उजव्या फऱ्यापर्यंत जायची. आम्ही थंड दूध आणि अ‍ॅसिडिटीची गोळी द्यायचो. तीन-चार तासांनी कळ ओसरायची, श्रेय गोळीला.

गोळीचा काडीचा संबंध नव्हता. दुखणं पित्ताशयातल्या खड्याचं होतं. पित्ताशय म्हणजे यकृताखालची, पित्त साठवायची पिशवी. तुपकट जेवणानंतर ती आकसते, खडा तिच्या तोंडाशी अडकतो, कळ येते. खडा मागे सरकला की थांबते. अशी कळ पुन्हा पुन्हा येत असेल तर पोटाची सोनोग्राफी करा, तीही ६ ते ८ तास उपाशी राहून. आई ‘घोटभरच’ म्हणत दुधाचा चहा पिऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा पडला. कळीबरोबर छातीत दाब आणि घाम असेल, तर मात्र आधी हृदयाची तपासणी, म्हणजे ईसीजी.

दुसरा घोळ ‘खडा’ शब्दाचा. मुतखड्यावरचं कुळथाचं कढण, पानफुटीची पानं इथेही सुरू होतात. पण कितीही पाणी प्या, ते लघवीवाटे जाणार. पित्ताशयातला खडा त्याने वाहून जात नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाने ‘खडे पडले’ म्हणून दाखवतात त्या हिरवट मऊ गोळ्या बहुतेक त्या तेलाच्याच, पोटात साबणासारख्या झालेल्या.

‘बारीकच आहे’ म्हणून निर्धास्तही राहू नका. बारीक खडाच पित्ताच्या नळीत घसरतो आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज आणतो. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, पांढरट शौच, पाच-सहा तासांनीही न थांबणारी कळ, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. काविळीच्या झाडपाल्यासाठी गावोगाव फिरण्यात वेळ घालवू नका, अडलेली नळी त्याने मोकळी होत नाही.

उलट, कधीच न दुखलेले खडे सहज तपासणीत सापडले, तर बहुतेकांना पित्ताशय काढायचं ऑपरेशन लागत नाही. लागलंच तर ‘पोट फाडतील’ ही भीती जुनी झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं.

झटपट वजन उतरवणं हीही चूकच. आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरलं, की खडे होण्याचा धोका वाढतो.

ऑपरेशननंतर यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त साठवायची पिशवी नसते. म्हणून काहींना जेवल्या-जेवल्या पळावं लागतं. थोडं थोडं खा, तूप-तेल हळूहळू वाढवा; जुलाब लांबले तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. जन्मभर उकडलेलं खायची गरज नाही. आई यंदा होळीला दीड पोळी जेवली, तूप चमच्याने मोजून.