वासराच्या जखमेत अळ्या पडल्यास काय करावे

वासरू सारखे बेंबी चाटते, शेपटी झटकते, दूध प्यायला येत नाही आणि जवळ गेले की कुजका वास येतो. अशा वेळी केस बाजूला करून नीट बघा. माशीने घातलेली अंडी 12 ते 24 तासांत फुटतात आणि अळ्या मांस पोखरत आत जातात. वरून जखम लहान दिसली तरी आत पोकळी बरीच मोठी असू शकते. नव्या वासरात बेंबी ही सगळ्यात धोक्याची जागा. शिंगे जाळल्याची, कान टोचल्याची किंवा गोचीड चावल्याची जखमही माशीला पुरते.

वासराला आडवे पाडून कोणाला तरी धरायला सांगा. हातमोजे घाला. जखमेभोवतीचे केस कापा आणि चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावा, कारण पुढे वापरायचे टर्पेंटाइन कातडी भाजते.

टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेली गॉजची पट्टी जखमेत बसवा, टोक बाहेर ठेवा. टर्पेंटाइन थेट जखमेत ओतू नका. 10-15 मिनिटांत अळ्या गुदमरून वर येऊ लागतात. डोळा, कान, नाक, तोंड यांच्या जवळ टर्पेंटाइन अजिबात नको. बेंबीचे भोक पोटात उतरत असल्याची शंका आली तरी थांबा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

आता खरे चिकाटीचे काम. चिमट्याने एकेक अळी काढा. कोपऱ्यात, कातडीखालच्या खिशात त्या डोके आत खुपसून बसलेल्या असतात. घाईने ओढून तोडू नका, तुटलेला तुकडा आत सडतो. काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाका. जमिनीवर पडलेली पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते आणि त्यातून पुन्हा माशीच निघते.

मग उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून जखम भरपूर धुवा. मेलेले मांस निघेल तेवढेच काढा, रक्त येईपर्यंत खरवडू नका. पोव्हिडोन आयोडीन लावा आणि कडेने माशी पळवणारे मलम किंवा स्प्रे मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पहिल्या खेपेला सगळ्या अळ्या निघाल्या असे क्वचितच होते. जखम लालसर भरत येईपर्यंत रोज धुणे आणि मलम चालू ठेवा.

फिनाइल, पेट्रोल, रॉकेल किंवा कीटकनाशक पावडर जखमेत भरू नका. त्याने अळ्या मरतील, पण मांसही जळेल, आणि वासरू ते चाटून विषबाधेने जाऊ शकते.

आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन उपयोगी पडते, मात्र मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ते पशुवैद्यकानेच द्यावे. प्रतिजैविक आणि धनुर्वाताचेही त्यांनाच विचारा. ताप 104 अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, सांधे सुजले किंवा वासरू उठेनासे झाले तर त्याच दिवशी दाखवा.

पुढच्या वासराची नाळ जन्मताच टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, आणि सुकेपर्यंत रोज बघत राहा.