समुद्री अर्कातल्या संयुगांचा वर्ग कसा ओळखाल?

स्पंज किंवा शेवाळाचा नमुना गोठवून सुकवा, भुगा करा. १० ग्रॅम भुकटीला १०० मिलि मिथेनॉल घालून २४ तास ठेवा, गाळा, असं तीनदा. ४० अंशांच्या आत बाष्पीभवन करा, जास्त उष्णतेत टर्पिनं (सुगंधी तेलांत असतात तशी संयुगं) बदलतात.

आता खरी अडचण: मीठ. ते मिथेनॉलमध्येही थोडं विरघळतं आणि पुढचे निकाल बिघडवतं. म्हणून अर्क पाणी आणि इथाइल अॅसिटेटमध्ये विभागा. मीठ पाण्यात जातं, टर्पिनं व स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या गटातली संयुगं) इथाइल अॅसिटेटच्या वरच्या थरात. तांब्याच्या तारेवर थेंब जाळल्यावर ज्योत हिरवी झाली तर हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन) आहे. मात्र ही चाचणी फक्त वरच्या थरावरच करा, मिठातलं क्लोराइडही फसवतं. लॉरेन्सिया या लाल शेवाळात ब्रोमीनयुक्त टर्पिनं भरपूर असतात.

स्टेरॉलसाठी लीबरमन-बुर्शार्ड चाचणी: कोरडा अर्क क्लोरोफॉर्ममध्ये, त्यात अॅसेटिक अॅनहायड्राइड, मग सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब, तेही फ्यूम हूडमध्येच (घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). हिरवा-निळा रंग म्हणजे स्टेरॉल. परीक्षानळी ओली असेल तर रंग येतच नाही.

अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त संयुगांचा एक वर्ग) ओळखण्याच्या ड्रॅगेनडॉर्फ द्रावणानं नारिंगी डाग पडला की लगेच 'अल्कलॉइड' लिहू नका; समुद्री जीवांत सर्रास आढळणारं बीटेन हे दुसरं नायट्रोजनयुक्त संयुगही तोच रंग देऊ शकतं. मोकळ्या अमिनो गटाशी रंग देणाऱ्या निनहायड्रिनचं उलटं: चक्रीय पेप्टाइडला (अमिनो आम्लांच्या बंद साखळीला) मोकळा अमिनो गट नसतो, त्यामुळे पेप्टाइड असूनही डाग दिसत नाही.

तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडन (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) मिथेनॉलमध्ये येतच नाही. ते हवं असेल तर उरलेला चोथा गरम पाण्यात उकळा आणि इथेनॉल घालून साका बसवा.